माळढोक : एका पक्षिनामाचा इतिहास

इ. स. १८०९ ते १८२९ या काळात रॉबर्ट मॅन्सफील्ड या शिकाऱ्याने अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यात ९६१ माळढोक मारले, अशी नोंद आहे. मादी एका विणीत बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. तेव्हा ही हानी भरून येणे कठीणच होते.

तथापि सारा दोष बंदुकीचा नव्हे. ‘ढोक’, ‘ढोकरी’ ही मराठीत बगळ्यासारख्या पक्ष्यांची नावे. ‘आर्डिओटिस’ या शास्त्रीय नावातही लॅटिन ‘आर्डिआ’ म्हणजे बगळाच आहे. मराठीने मात्र ‘माळ’ जोडून पक्ष्याचे घरही सांगून ठेवले. महसुली दप्तराने त्याच माळास ‘पडीक’ म्हटले. पडीक ते लागवडीस आणावे, हे ओघानेच आले. कालवे आले, ऊस आला.

१९७९ साली सोलापूर व नगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौ. कि. मी. चे माळढोक अभयारण्य घोषित झाले. (यातील ‘अरण्य’ हे पद चमत्कारिकच, या पक्ष्यास दाट झाडी मानवत नाही.) पुढे त्याचे क्षेत्र १,२२२ चौ. कि. मी. वर आले. कर्जत तालुक्यातील रेहेकुरीस काळविटांसाठी माळ राखला आहे. धाविक व चंडोल यांनाही असाच माळ लागतो.