वाहतूक-परवाना आणि विश्वास : मेंढा (लेखा) येथील प्रकरण

सार्वत्रिक मूलभूत उत्पन्नाच्या चर्चेत खर्चाचा हिशोब पुष्कळ होतो. परंतु तिच्या मुळाशी असलेला प्रश्न विश्वासाचा आहे. पात्रता सिद्ध केल्याखेरीज कोणासही काही देऊ नये, हे गृहीतक शासनाला सोडता येते काय? गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाचा इतिहास या संदर्भात विचारात घेण्याजोगा आहे.

जुन्या मध्यप्रांतातील चांदा जिल्ह्यात रानातून जळण, गवत, बांबू घेण्याच्या वहिवाटीस ‘निस्तार’ म्हणत. निभाव लागणे, हा या शब्दातील मूळ भाव. तथापि सरकारी दप्तरात तो ‘सवलत’ या अर्थाने रूढ झाला. १९२७ च्या वन कायद्याने बांबूस वृक्षांत गणले, आणि तो रानाबाहेर नेण्याचा परवाना वनखात्याच्या हाती राहिला.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूस गौण वनोपज ठरवून त्याची मालकी वननिवासींची मानली. २००९ मध्ये मेंढा गावास सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. परंतु मालकी गावाची आणि परवाना खात्याचा, अशी विसंगती उरलीच. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. २०१२ च्या सुधारित नियमांनी हाच अधिकार देशभरातील ग्रामसभांना दिला.

महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्याशी याची तुलना उद्बोधक ठरते. त्या कायद्याने कामाचा हक्क दिला. पण जो अंगमेहनतीस तयार तोच गरजू, ही कसोटी त्यात राहिली. थॉमस पेन याने १७९७ मध्ये निराळी भूमिका मांडली होती : भूमी मुळात सर्वांची असल्यामुळे प्रत्येकास द्यावयाची रक्कम हे दान नसून देणे आहे. मेंढा गावाचा हक्क या विचाराच्या अधिक जवळचा आहे.

अर्थात दोहोंत भेद आहे. मूलभूत उत्पन्न व्यक्तीस, विनाअट द्यावयाचे. मेंढ्यातील अधिकार ग्रामसभेचा असून तेथील निर्णय सर्वसहमतीने होतात. म्हणून या उदाहरणावरून मूलभूत उत्पन्नाची यशस्विता सिद्ध होत नाही. मात्र अविश्वास ही प्रशासनाची अटळ गरज नसून कायद्याने घडविलेली व कायद्याने मोडता येणारी सवय आहे, एवढे त्यावरून निश्चित दिसते.