स्वदेशी कार्यप्रणाली आणि नवतेचा प्रश्न

जानेवारी २०२३ मध्ये ‘भारओएस’ ही मोबाइलसाठीची कार्यप्रणाली (रूढ भाषेत ऑपरेटिंग सिस्टिम) आयआयटी मद्रासच्या आश्रयाखालील एका कंपनीने पुढे आणली आणि केंद्रीय मंत्र्यांच्या उपस्थितीत तिची चाचणीही झाली. तिचे स्वागत ‘स्वदेशी’ या विशेषणाने झाले. आक्षेपही लगोलग आले: हिच्या मुळाशी गूगलने खुला ठेवलेला अँड्रॉइडचाच स्रोत आहे, मग यात नवे ते काय? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संरक्षण मंत्रालयाच्या ‘माया’ या प्रणालीची वार्ता आली. ती उबुंटूवर उभी असल्याने तिच्याविषयीही हाच प्रश्न निघाला. त्याही आधी, २००७ मध्ये, सी-डॅकने ‘बॉस’ (भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स) प्रसृत केली होती आणि ती डेबियनवर आधारलेली होती.

साहित्याच्या अभ्यासकांना हा वाद परका वाटण्याचे कारण नाही. ‘आधारित’, ‘रूपांतरित’, ‘स्वतंत्र’ या शब्दांवरून मराठी समीक्षेत, विशेषतः नाटकांच्या बाबतीत, किती शाई खर्ची पडली आहे हे आपण जाणतो. संगणकाच्या क्षेत्रात मात्र आपण हे शब्द फार भाबडेपणाने वापरतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्याला तर हा वाद रोज डोळ्यांसमोर उभा दिसतो. बीबी का मकबरा पाहायला येणारा प्रत्येक पाहुणा ताजमहालाशी तुलना करतो आणि बहुधा नाक मुरडतो. दिलरास बानू बेगमेची ही कबर १६६०-६१ च्या सुमारास पुरी झाली. प्रवेशद्वारावरील लेखात स्थपती म्हणून अताउल्लाहचे नाव आहे, आणि हा अताउल्लाह ताजशी ज्याचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. म्हणजे नक्कल खरीच, पण ती घरातलीच. संगमरवर घुमटाला आणि खालच्या पट्ट्याला, उरलेले काम गिलाव्याचे. प्रमाणेही बदललेली, इमारत अधिक उभट. इथून तीसएक किलोमीटरवर वेरूळचे कैलास लेणे आहे. त्याचा आराखडा पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराशी आणि त्यामागे कांचीच्या कैलासनाथाशी नाते सांगतो. तरीही कैलासाला कोणी नक्कल म्हणत नाही, कारण पायापासून कळसाकडे रचत जाण्याऐवजी तो कळसापासून पायाकडे कोरत नेलेला आहे. आराखडा उसना, कृती मात्र आधीच्यांहून अगदी उलटी. दोन्ही वास्तू ‘आधारित’च, पण एकीतला बदल साहित्यात आणि प्रमाणात आहे, तर दुसरीतला थेट बांधण्याच्या रीतीत. नवता नेमकी कोणत्या थरात आहे, हे विचारल्यावाचून या दोहोंतला फरक सांगता येत नाही.

कार्यप्रणालींचा इतिहास तपासला तर निखळ स्वयंभू अशी एकही प्रणाली हाती लागत नाही. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स रचायला घेतली ती मल्टिक्स या अवजड प्रकल्पातून बाहेर पडल्यावर. तिचे नावसुद्धा मल्टिक्सवरची कोटी आहे. १९७३ मध्ये ती ‘सी’ या भाषेत पुन्हा लिहिली गेली आणि एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येण्याजोगी झाली. तिची खरी क्रांती माझ्या मते इथे आहे. १९८४ च्या मॅकिंटॉशमागे झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातले प्रयोग होते. पुढे ॲपलने मायक्रोसॉफ्टवर आपल्या पडद्याचे रूप चोरल्याचा दावा १९८८ साली लावला आणि तो हरला. उसनवारी करणाऱ्यानेच उसनवारीची तक्रार करावी, हा प्रकार वाङ्मयाच्या इतिहासातही नवा नाही.

या साऱ्यात सर्वांत बोधप्रद प्रकरण लिनक्सचे. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोर्वाल्ड्स याने आपण छंद म्हणून एक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. अँड्र्यू टॅनेनबॉम या डच विद्यापीठातील प्राध्यापकांनी अध्यापनासाठी रचलेली ‘मिनिक्स’ त्याच्यासमोर होती. जानेवारी १९९२ मध्ये टॅनेनबॉम यांनी ‘लिनक्स कालबाह्य आहे’ अशा मथळ्याखाली जाहीर टीका केली. त्यांचा मुद्दा पंडिताला शोभणारा होता. प्रणालीचा गाभा लहान असावा, बाकीची कामे त्याच्याबाहेर वेगवेगळ्या भागांत वाटावीत, हा त्या काळचा पुढारलेला सिद्धान्त, आणि लिनक्स तर सारे काही एकाच गाभ्यात कोंबते, म्हणजे सत्तरच्या दशकात परत जाते. शिवाय ती इंटेलच्या एकाच प्रक्रियकाला बांधलेली. माझा विद्यार्थी असतास तर अशा रचनेला चांगले गुण मिळाले नसते, असेही त्यांनी सुनावले. टोर्वाल्ड्सचे उत्तर उद्धट होते (नंतर त्याने क्षमाही मागितली), पण त्यातला विचार असा की प्रणाली आज चालते आणि सर्वांना मोकळेपणी मिळते, हे सिद्धान्ताइतकेच मोलाचे आहे.

पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचा गाभा गेला, आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांपैकी प्रत्येक लिनक्सवर चालतो. म्हणून टॅनेनबॉम चुकले असे म्हणावे, तर त्याच २०१७ मध्ये उघड झाले की इंटेलच्या असंख्य चिप्समध्ये त्यांची मिनिक्स गुपचूप नांदते आहे. यश कोणाला मिळाले यावरून नवता ठरत नाही, इतके यातून नक्की दिसते. या वादाचा उत्तरार्ध मला अधिक हृद्य वाटतो. २००४ साली केन ब्राउन नामक एका अमेरिकी लेखकाने, एकट्या विद्यार्थ्याला अशी प्रणाली लिहिणे शक्यच नाही, टोर्वाल्ड्सने ती मिनिक्समधून उचलली असणार, असा आरोप केला. तेव्हा टोर्वाल्ड्सच्या बाजूने खणखणीत साक्ष दिली ती टॅनेनबॉम यांनीच. दोन्ही प्रणालींच्या ओळी ताडून पाहिल्या गेल्या तेव्हा उचलेगिरी आढळली नाही. रचना जुनाट आहे असे म्हणणे एक आणि ती चोरलेली आहे असे म्हणणे वेगळे, हा विवेक त्यांनी राखला. आपल्याकडच्या वादात नेमका तोच हरवतो.

आता आपल्याकडे वळू. पैठण इथून पन्नासएक किलोमीटरवर. तिथे शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांत लेखनिकांच्या हातून पाठभेद शिरले होते. नाथांनी प्रती पाहिल्या, पाठ निवडला आणि यापुढे कोणी आपली ओवी त्यात मिसळू नये अशी ताकीद दिली. या कामाला नवनिर्मिती म्हणावे काय? ओवी एकही नवी नाही, तरीही आज आपण जी ज्ञानेश्वरी वाचतो तिची परंपरा या कामाला टाळून सांगता येत नाही. मुळात ज्ञानेश्वरी तरी काय, गीतेवरची टीकाच. डेबियनसारखे ‘वितरण’ म्हणजे हजारो जणांनी लिहिलेल्या आज्ञावली जमवून, तपासून, परस्परांशी जुळवून एकत्र देणे. हे काम संपादकाचे आहे, आणि संपादन दुय्यम कसे नसते हे निदान पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना सांगायला नको. फरक एकच आणि तो मोठा आहे. नाथांनी पुढचा बदल निषिद्ध ठरवला, तर मुक्त आज्ञावलीचा परवाना बदलाची मुभा हक्क म्हणून देतो. म्हणूनच डेबियनमधून उबुंटू, उबुंटूतून ‘माया’ अशी वंशावळ शक्य होते.

यावरून भारतीयांनी संगणकात मूलभूत असे काही केलेच नाही, असा निष्कर्ष कोणी काढील तर तोही चुकीचा. फक्त ते पाहण्यासाठी वेगळ्या थरात उतरावे लागते. १९८३ च्या सुमारास आयआयटी कानपूरमध्ये देवनागरीसाठीचे काम आकाराला येत होते. मोहन तांबे हे त्यातले एक प्रमुख नाव. पुढे हे काम ‘जिस्ट’ या नावाने पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. जिस्टचे कार्ड संगणकात बसवले की डॉसवरच्या, इंग्रजीसाठी लिहिलेल्या आज्ञावलीही देवनागरी दाखवू लागत. कार्यप्रणाली परकी, आज्ञावली परकी, आणि मध्ये एक भारतीय थर. या थरातला विचार मात्र अस्सल होता. अक्षराचा आकार न साठवता त्याचा वर्ण साठवायचा, जोडाक्षर कसे दिसेल हे यंत्राने ठरवायचे, आणि ब्राह्मीतून उतरलेल्या सर्व लिप्यांना एकच क्रम द्यायचा. हा विचार ‘इस्की’ या नावाने १९९१ मध्ये भारतीय मानक झाला, आणि युनिकोडमधल्या आपल्या लिप्यांची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतली गेली. आज जगातल्या कुठल्याही कार्यप्रणालीत मराठी लिहिताना आपण तो विचार वापरतो. त्यावर ‘स्वदेशी’ असा शिक्का कोणी मारलेला नाही.

दुर्दैवाने याच काळात प्रकाशनव्यवसायाने दुसरी वाट धरली. नव्वदच्या दशकातले बहुतेक टंक आकार साठवणारे होते, आणि प्रत्येक कंपनीची सांकेतिक मांडणी निराळी. एका टंकात जुळवलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की अक्षरांची भेळ. महानुभावांनी आपले ग्रंथ जाणूनबुजून सकळ लिपीत झाकून ठेवले होते. आपण कोणाच्याही इच्छेविना वीसेक वर्षांचे दिवाळी अंक, नियतकालिके आणि पुस्तके तशाच कुलुपात घातली. छापील प्रती उरल्या म्हणून बरे. त्या काळच्या फाइली ज्यांच्याकडे आहेत, त्यांना त्या वाचण्यासाठी आजही रूपांतराची खटपट करावी लागते. साहित्याच्या माणसाने कार्यप्रणालीत लक्ष घालावे ते या कारणासाठी.

युनिकोड आल्यावरही मराठीचे सारे प्रश्न एकदम सुटले नाहीत. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक (एका रफारात गुरू आणि स्वयंपाकी यांची अदलाबदल होते) यंत्राला वेगळा शिकवावा लागला. ‘ॲ’ची कथा तर मासलेवाईक आहे. हिंदीत ‘ऍ’ असे लिहितात म्हणून संकेतावलीत स्थान त्याला मिळाले. मराठीचा ‘ॲ’ स्वतंत्र वर्ण म्हणून आला तो युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ मध्ये. तोवर ‘अ’वर चंद्र चढवायला जावे तर अनेक ठिकाणी मधे ठिपक्यांचे वर्तुळ उमटे.

या पार्श्वभूमीवर बॉसकडे पाहिले तर ती डेबियनची उपज आहे हा आक्षेप मला पोकळ वाटतो. सी-डॅकने ते नाते लपवलेले नाही आणि लपवायचे कारणही नव्हते. विचारायला हवे ते वेगळेच: मराठीसाठी, शाळांसाठी, सरकारी कचेऱ्यांसाठी तिच्यात जे घातले गेले, ते मूळ डेबियनकडे परत किती पोचले? इथल्या विद्यापीठाच्या परिसरातल्या ‘नायलिट’सारख्या केंद्रांतून शिकून बाहेर पडणारा विद्यार्थी तिच्या आत हात घालून काही दुरुस्त करू शकतो की फक्त ती वापरतो? भारओएसबाबतही तेच. तिच्यात आधीपासून लादलेली ॲप्स नाहीत आणि वापरणाऱ्या संस्थेने विश्वासार्ह ठरवलेलीच ॲप्स तिच्यावर घेता येतात. हा बदल कैलासाच्या जातीचा नसून मकबऱ्याच्या जातीचा आहे, म्हणजे रीत तीच, साहित्य आणि प्रमाणे बदललेली. तसे म्हणण्यात तिचा उपमर्दही नाही. उपमर्द होतो तो मधल्या पिढ्या गाळून तिला स्वयंभू म्हणताना.

चीनच्या हुआवेने ‘हार्मनी’ २०१९ साली जाहीर केली तेव्हा तिच्याही मोबाइलवरील आवृत्तीत अँड्रॉइडचेच सांगाडे निघाले होते. २०२४ च्या आवृत्तीत मात्र अँड्रॉइडचा आधार काढून टाकला गेला. पाच वर्षे उसन्या पायावर काढून मग स्वतःचा पाया घातला, असा तो क्रम आहे. बॉसची पहिली आवृत्ती येऊन दीड तपाहून अधिक काळ लोटला आहे.