तीन बत्ती चार रास्ता
व्ही. शांताराम (१९०१–९०) दिग्दर्शित हिंदी विनोदी चित्रपट (१९५३). निर्मिती : राजकमल कलामंदिर. भूमिका : संध्या, करण दिवाण, निरूपा रॉय, शशिकला, शीला रमाणी.

एकाच घरात निरनिराळ्या प्रांतांच्या सुना नांदतात आणि आपापल्या भाषेत भांडतात. धाकटा मुलगा रेडिओवरील एका गायिकेच्या आवाजावर भाळतो. तो आवाज असतो सावळ्या मोलकरणीचा. संध्या यांनी ही भूमिका चेहरा काळा रंगवून साकारली. भाषिक तत्त्वावर आंध्र राज्य स्थापन झाले त्याच वर्षी हा चित्रपट आला. भाषाभेद आणि गोऱ्या रंगाचा सोस हे दोन्ही विषय त्याने हसतखेळत हाताळले.

शांतारामांच्याच ‘माणूस’, ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटांच्या कीर्तीत तो झाकोळला. शांतारामांचा सामाजिक कळवळा विनोदातही तितकाच सच्चा असल्याची साक्ष देणारी ही कृती आवर्जून पाहण्याजोगी आहे.