कुपरेज आणि स्थानकांचीं नांवें

वर्धा जिल्ह्यांतील नाचणगांवास आगगाडीनें जावयाचें तर उतरावें लागतें पुलगांवास. पुलगांव हें नांव वर्धा नदीवरील रेल्वेच्या पुलावरून पडलें, असें सांगतात. इ. स. १८६७ मध्यें लोहमार्ग नागपुरास पोंचला आणि फलकावरील नव्या नांवापुढें शेजारचें जुनें नांव मागें पडलें.

असाच प्रकार मुंबईस नुकताच घडला. आरे ते कफ परेड हा सुमारें ३३.५ किलोमीटरांचा, बहुतांशीं भुयारी मेट्रोमार्ग २७ स्थानकांसह ऑक्टोबर २०२५ मध्यें संपूर्ण खुला झाला. त्यानें कुपरेजच्या फुटबॉल मैदानास जावयाचें तर ‘विधान भवन’ स्थानक जवळ पडतें. कलकत्त्यास २०२० सालीं उघडलेल्या मेट्रो-स्थानकास सॉल्ट लेक स्टेडियमचेंच नांव मिळालें. कुपरेजच्या वाट्यास तें भाग्य आलें नाहीं. विधान भवनाकडे रोज जाणारे अधिक, हें आम्हांस मान्य आहे. तरी हळहळ वाटतेच.

कारण तें नांव केवळ खेळाचें नव्हे. कूपर म्हणजे लाकडी पिंपें बांधणारा कारागीर. जहाजांवरील पाणी, खारविलेलें मांस इत्यादि शिधा पिंपांत भरीत. त्या कामाच्या जागेवरून ह्या भागास कुपरेज म्हणूं लागले. पिंपें गेलीं आणि नांव राखिलें तें चेंडू खेळणारांनीं. रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ सालीं सुरू झाली. पुढें कुपरेज हेंच तिचें मुख्य स्थान झालें. प्रारंभीं चषक गोऱ्या पलटणींकडेच जाई. १९३७ सालीं बंगलोर मुस्लिम्स ह्या संघानें तो जिंकला, तेव्हां प्रथमच भारतीय संघाचें नांव त्यावर आलें.

चर्चगेटची गोष्ट उलट आहे. सेंट थॉमसच्या १७१८ मधील चर्चवरून नांव पडलेला किल्ल्याचा तो दरवाजा तटाबरोबर १८६० नंतरच्या दशकांत नाहींसा झाला. परंतु १८७० सालीं रेल्वेस्थानक उघडलें आणि नांव तगलें. आतां मेट्रोच्या फलकावरही तें आहे.

म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, रोव्हर्स सामन्यांचीं तिकिटें, हस्तपत्रकें, कुपरेज दाखविणारे नकाशे, तसेंच ‘नाचणगांव, स्टेशन पुलगांव’ असा पत्ता घातलेलीं जुनीं पत्रें संग्रहीं असल्यास रद्दींत घालूं नयेत. नांवाचें लेखन, कागदावरील सन व कागद कोठून मिळाला, इतकें टिपून ठेविलें तरी पुरे.