ताटातल्या वीस वस्तू

हल्ली मुलांच्या वाढदिवसाला 'जंगल थीम' असते. मुलांचे दोन गट पाडायचे, 'वाघ' आणि 'लांडगे'. मग माग काढा, लपलेला प्राणी शोधा, ताटात मांडलेल्या वीस वस्तू मिनिटभर बघून पाठ करा. सोसायटीत असे दोन-तीन वाढदिवस पाहिले आणि प्रश्न पडला की हे खेळ आले कुठून? आपल्या लहानपणी डबा ऐसपैस होता, लगोरी होती. ताटातल्या वस्तू पाठ करायला आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं!

तर मंडळी, शोधत गेलं की पहिलं नाव लागतं अर्नेस्ट थॉम्पसन सेटनचं. हा निसर्गलेखक आणि चित्रकार. 1902 साली अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या कॉस कॉब गावी गावातल्या उनाड पोरांनी त्याच्या जागेची नासधूस केली. पोलिसांत जायच्या ऐवजी गड्याने त्यांनाच आपल्या रानात मुक्कामाला बोलावलं! त्यातून 'वुडक्राफ्ट इंडियन्स' ही चळवळ निघाली. हरणाची शिकार हा त्यांचा लाडका खेळ. पोत्यात गवत भरून हरीण करायचं, रानात लपवायचं, वाटेवर मक्याचे दाणे किंवा कागदाचे कपटे टाकायचे. मुलांनी माग काढत जायचं आणि हरीण दिसलं की बाण मारायचा. खरा प्राणी मरत नाही आणि रान वाचायला मात्र शिकावं लागतं. मला तरी ही कल्पना फार आवडली.

पण गंमत बघा (गंमत कसली म्हणा). गोरी मुलं पिसं लावून 'इंडियन' व्हायची, त्याच काळात खऱ्या मूळ रहिवाशांना मात्र राखीव प्रदेशांत कोंडलेलं होतं. त्यांच्या कित्येक धार्मिक नाचांवर 1883 पासून सरकारी बंदी होती.

1906 साली सेटनने आपलं खेळांचं पुस्तक इंग्लंडमध्ये बेडन-पॉवेलला दिलं. बेडन-पॉवेल म्हणजे बोअर युद्धात माफेकिंगचा 217 दिवसांचा वेढा निभावलेला सेनापती. 1907 च्या ऑगस्टमध्ये त्याने ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर भरवलं. श्रीमंतांच्या शाळेतली मुलं आणि कामकरी घरची मुलं एकाच गटात, हे त्या काळात धाडसच. 1908 साली 'स्काउटिंग फॉर बॉइज' आलं. त्यातला 'सिंहाची शिकार' हा खेळ आजही जसाच्या तसा खेळता येईल. एक मुलगा सिंह. त्याच्याजवळ खिसाभर मका किंवा वाटाणे आणि सहा चेंडू. तो अर्धा तास आधी निघतो, दाणे टाकत जातो. बाकीचे माग काढत येतात, प्रत्येकाकडे चेंडू एकच! सिंहाचा चेंडू लागला की तुम्ही बाद. सिंहाला मात्र तीनदा लागावा लागतो. नियमांचा तोल काय सुंदर जमलाय. एकाच फेकीवर सगळं असल्यामुळे आपसात ठरवल्याशिवाय कोणी चेंडू टाकत नाही.

सेटनचं म्हणणं होतं की आपलं बरंच उचललं आणि श्रेय नीट दिलं नाही. आमच्या धंद्यात म्हणतात तसं, कोड घेतला आणि वरची लेखकाच्या नावाची ओळ खोडली. माझं मत सेटनच्या बाजूने आहे. दोघांचा रोखही वेगळा होता. सेटनला रानात रमणारा माणूस हवा होता, बेडन-पॉवेलला साम्राज्याचा कामसू नागरिक.

आता त्या ताटाकडे येऊ. या खेळाला 'किम्स गेम' म्हणतात. मूळ किपलिंगच्या 1901 च्या 'किम' कादंबरीत. (किपलिंगचा जन्म आपल्या मुंबईतला, 1865 चा. वडील जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत.) सिमल्याचा रत्नव्यापारी लर्गन साहेब किमला हेरगिरी शिकवतो. ताटात रत्नं, थोडा वेळ बघायची, मग कागदाने झाकायची. किम पंधरा मोजतो पण त्यातली दोन विसरतो. लर्गनकडचा हिंदू पोरगा मात्र सगळी सांगतो, कुठल्यात काय खोट आहे आणि कुठलं किती रतींचं आहे तेसुद्धा. पुन्हा पुन्हा खेळतात, तोच जिंकतो. त्या पोराला कादंबरीत नावही नाही, आणि खेळाला नाव पडलं ते हरलेल्याचं! पुढे स्काउटच्या परीक्षेत हा खेळ आला: 24 वस्तू, एक मिनिट, 16 आठवल्या तर पास.

आणि हिंदुस्थानात? स्काउटिंग इथे 1909 मध्ये बंगलोरला आलं, पण फक्त युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. माग काढणं, निरोप पोचवणं, लपून टेहळणी करणं देशी पोरांना शिकवलं तर उद्या क्रांतिकारक होतील, ही भीती. अहो, 1916 साली छोट्या मुलांसाठी 'वुल्फ कब' काढले तेव्हा अकेला आणि कळप सगळं 'जंगल बुक'मधून घेतलं होतं. म्हणजे जंगल आमच्या सिवनीचं, फक्त खेळायला आम्ही नको!

मग आमच्या लोकांनी काय केलं? सरळ फोर्क मारला. 1917 च्या सुमारास ॲनी बेझंट यांनी मद्रासकडे हिंदी मुलांसाठी वेगळी संघटना काढली. 1918 मध्ये मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची स्काउट संघटना उभी केली. 1921 साली बेडन-पॉवेल स्वतः इथे आला, दारं उघडली आणि बेझंटबाईंची संघटना मूळ संस्थेत गेली. सेवा समितीवाले मात्र बाहेरच राहिले. सगळे एका छत्राखाली आले ते थेट 7 नोव्हेंबर 1950 ला, भारत स्काउट्स आणि गाइड्स या नावाने.

जाता जाता लर्गनबद्दल. तो बेतला होता सिमल्याच्या ए. एम. जेकब नावाच्या खऱ्या जवाहिऱ्यावर. निजामाला हिरा विकण्याच्या व्यवहारात 1891 मध्ये तो कोर्टकचेरीत अडकला. सुटला, पण धंदा बुडाला, आणि शेवटी 1921 मध्ये मुंबईत वारला. तो हिरा, 184.75 कॅरटचा, 1995 मध्ये भारत सरकारने निजामाच्या दागिन्यांबरोबर विकत घेतला.