बाटला, बाटवला की बोलावला? साताऱ्यातल्या एका दरबाराची गोष्ट

आजचा विषय जरा जड आहे, पण घाबरू नका. तो आपल्या घरात रोज चर्चेत असतो, फक्त आपण त्याला हे नाव देत नाही.

परीक्षेच्या आदल्या रात्री एखादा मुलगा निवांत लोळत पडला की आजी म्हणते, "असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, असं चाललंय वाटतं!" आणि मुलगा निराश होऊन बसला की तीच आजी म्हणते, "अरे, प्रयत्नांती परमेश्वर." दोन्ही म्हणी आपल्याच. एक म्हणते सगळं देवाच्या हातात आहे, दुसरी म्हणते आधी तू हात हलव. मग खरं काय?

ख्रिस्ती धर्मात हाच प्रश्न तारणाबद्दल विचारला गेला. तारण म्हणजे पापातून सुटका, देवाशी पुन्हा नातं जुळणं. माणूस देवाकडे जातो तो स्वतः ठरवून, की देवानंच त्याला आधी निवडलेलं असतं? देवानं आधीच ठरवलं असेल, तर माणसाच्या 'हो'ला किंमत काय? आणि सगळं माणसाच्या 'हो'वर अवलंबून असेल, तर मग देव कसला सर्वसत्ताधीश?

या वादाला दीड हजारांहून जास्त वर्षं झाली. पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन म्हणत होता की माणसाची इच्छाच इतकी बिघडलेली आहे की देवाच्या कृपेशिवाय ती चांगल्याकडे वळूच शकत नाही. ब्रिटनहून आलेला पेलागियस म्हणत होता, "असं म्हटलंत तर माणसाची जबाबदारीच संपली!" ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेनं पेलागियसच्या विरोधात निकाल दिला. वाद मात्र मिटला नाही. सोळाव्या शतकात कॅल्व्हिननं देवाच्या निवडीवर जोर दिला. पुढे हॉलंडमध्ये आर्मिनियसच्या अनुयायांनी त्याला हरकत घेतली, आणि १६१८-१९ मध्ये डॉर्ट इथल्या सभेनं कॅल्व्हिनच्या बाजूनं कौल दिला.

आता तुम्ही म्हणाल, याचा सातारा-सांगलीशी काय संबंध? आहे, आणि चांगला जवळचा आहे.

साताऱ्यात १८४९ पासून अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं होतं. हे काँग्रिगेशनल पंथाचे लोक. सांगली-मिरज भागात आले ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन. त्यांचं काम कोल्हापुरातून पसरत आलं. डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं मिरजेचं मिशन हॉस्पिटल याच मिशनचं. दोन्ही पंथांची मुळं कॅल्व्हिनच्या विचारात. प्रेस्बिटेरियनांच्या अधिकृत मतपत्रिकेत तर स्पष्ट लिहिलेलं होतं की कोणाचं तारण होणार हे देवानं जग निर्माण होण्याआधीच ठरवलेलं आहे. पण १९०३ साली अमेरिकेतल्या त्यांच्या चर्चनं याला एक खुलासा जोडला. त्याचा अर्थ असा, की देवाचं प्रेम सगळ्यांवर आहे, त्याची कृपा सगळ्यांना देऊ केलेली आहे, आणि कुणाचा नाश होत असेल तर तो ज्याच्या त्याच्या पापामुळे होतो. म्हणजे ज्यांचं हे मत होतं, त्यांनाही ते जसंच्या तसं उचलणं जड जात होतं.

हा झाला पुस्तकातला वाद. आपल्याकडे तो वेगळ्याच रूपात आला, क्रियापदाच्या रूपात.

जरा ऐका. गावातला एखादा माणूस ख्रिस्ती झाला की शेजारी काय म्हणायचे? "तो बाटला." घरचे म्हणायचे, "त्याला बाटवलं." मिशनरी अहवालात लिहायचे की देवानं त्याला बोलावलं. आणि तो स्वतः म्हणायचा, "मी ख्रिस्ती झालो." माणूस एक, घटना एक, पण करणारा प्रत्येक वाक्यात वेगळा! 'बाटवलं' म्हटलं की त्या माणसाला स्वतःचं मन होतं हेच नाकारलं जातं. पण गंमत बघा, 'देवानं बोलावलं' एवढंच म्हटलं तरी त्याचं मन कुठे दिसतं?

हा नुसता शब्दांचा खेळ नव्हता, प्रकरणं कोर्टापर्यंत गेली. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण स्कॉटिश मिशनमध्ये ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनरींकडे राहायला गेला होता. श्रीपत अल्पवयीन, म्हणून कोर्टानं त्याला वडिलांच्या ताब्यात द्यायला सांगितलं. पुढे त्याला परत जातीत घ्यायचं की नाही यावर मोठं वादळ उठलं आणि बाळशास्त्री जांभेकर त्याला घेण्याच्या बाजूनं उभे राहिले. कोर्टापुढचा प्रश्न साधा होता. या मुलाला स्वतःची इच्छा आहे असं कायद्यानं धरायचं का? जाती-धर्माच्या मुक्कामी माणूस स्वतः चालत गेला, की कुणी नेऊन ठेवला?

आता आपल्या मुख्य पात्राकडे येऊ. रेव्हरंड नारायण वामन टिळक. लोकमान्य नव्हेत हं, हे कवी टिळक. कोकणातल्या चित्पावन घरातले.

१८९३ साली ते रेल्वेनं राजनांदगावला चालले होते. डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या. उतरताना त्यानं टिळकांना नवा करार वाचायला दिला आणि सांगितलं की हे नीट वाचलंत तर दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते अगदी हास्यास्पद वाटलं. तो गृहस्थ कोण होता हे त्यांना पुढे कधीच कळलं नाही. आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. दोन वर्षांच्या आत!

बघा, हा तर देवानं आधीच ठरवल्याचा पुरावा म्हणून सांगता येईल असाच किस्सा आहे. पण नीट पाहिलं तर दुसरी बाजूही दिसते. त्या प्रवासाच्या आधीपासूनच टिळक धर्माबद्दल स्वतःचा स्वतः विचार करत होते. पुस्तक हातात पडल्यावर वाचलं त्यांनी. डोंगरावरील प्रवचनाशी अडकून राहिले तेही तेच. आणि बाप्तिस्मा घेतला तर बायको आणि मुलगा तुटणार, नातेवाईक तोंड फिरवणार, हे माहीत असून पाऊल टाकलं तेही त्यांनीच. शिवाय बाप्तिस्मा त्यांनी मिशनरीच्या हातून घेतला नाही, भारतीय पाळकाच्या हातून घेतला. 'मला गोऱ्या साहेबानं बाटवलं' हे वाक्य कुणाला म्हणताच येऊ नये, असा तो निर्णय वाटतो.

मग लक्ष्मीबाईंचं काय? नवरा ख्रिस्ती झाला म्हणून बायको झाली का? नाही, आणि या गोष्टीतला सगळ्यात मोठा मुद्दा मला हाच वाटतो. लक्ष्मीबाई आधी नातेवाइकांकडे राहिल्या. मग नवऱ्याजवळ आल्या, पण आपलं सोवळं सांभाळून. जात देवानं केली की माणसानं, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या डोक्यानं सोडवला. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० साली, म्हणजे नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. त्यांची 'स्मृतिचित्रे' वाचली असतील तर तुम्हाला माहीत आहे, या बाईला कुणी ओढून नेणं शक्यच नव्हतं. टिळकांचा स्वभाव तापट, विनवण्याही पुष्कळ. तरी दुसऱ्याचं 'हो' आपण म्हणू शकत नाही, हे त्यांना तिथे शिकावं लागलं.

आता साताऱ्याला येऊ. टिळकांनी बरीच वर्षं अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलं. 'ज्ञानोदय'च्या मराठी भागाचं संपादन केलं, शेकडो ओव्या-अभंग-गीतं लिहिली. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. मात्र १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला.

या दरबारात वेगळं काय होतं? बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळेच त्यात येऊ शकत होते. हे तेव्हा भलतंच धाडसाचं होतं. चर्चच्या रजिस्टरमध्ये नाव आहे तो आतला, नाही तो बाहेरचा, अशी सरळ रेघ होती. टिळकांनी ती पुसली असं मी म्हणणार नाही, त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतलेलाच होता. पण देवानं कुणाला आपलं म्हटलंय हे रजिस्टर बघून कळत नाही, एवढं त्या दरबारानं सांगितलं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत जा. 'देव सर्वसत्ताधीश आहे' हे वाक्य ऐकलं की आपल्याला वाटतं, म्हणजे माणूस बाहुलं. टिळकांच्या आयुष्यात त्याचा परिणाम नेमका उलटा झाला. बोलावणारा देव असेल, तर मालक मिशन नाही, जातपंचायत नाही, नवरासुद्धा नाही. दरबार देवाचा, म्हणून तिथे दुसरा कुणी राजा नाही. एक मोठी सत्ता मान्य केली की लहान लहान सत्तांचा माज उतरतो. आणि माणसाची इच्छा मोकळी आहे हे मान्य केलं की त्या देवाच्या नावानं कुणावर जबरदस्ती करता येत नाही. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या वाटेत येत नाहीत, उलट एकमेकींची राखण करतात.

तत्त्वज्ञान म्हणून हे कोडं सुटलं का? नाही. पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातल्या दुसऱ्या अध्यायात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत. तुम्ही आपल्या तारणासाठी झटा, असं तो म्हणतो, आणि लगेच पुढे म्हणतो की तुमच्या मनात इच्छा निर्माण करणाराही देवच. पौलानं त्यांचा हिशेब जुळवून दिलेला नाही. मिरजेच्या ऑपरेशन थिएटरात तरी तो कुठे जुळत होता? रोगी बरा होणं देवाच्या हातात आहे असं मानणारा सर्जनसुद्धा अवजारं उकळून घेतोच.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत गेले. दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. त्यांनी लिहायला घेतलेलं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरंच राहिलं होतं, ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची संयुक्त मंडळी झाली, आणि १९७० मध्ये त्यातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. हो, मराठी ख्रिस्ती लोक चर्चला 'मंडळी'च म्हणतात!

तर मंडळी, एक काम करून बघा. धर्मांतराची बातमी आजही मोबाइलवर येते, जोरजोरात भांडणंही होतात. पुढच्या वेळी ती वाचताना फक्त क्रियापद बघा. झाला, केलं, करवलं? आणि विचारा, ज्याच्याबद्दल हे चाललंय, त्याला कुणी बोलू दिलं का? लक्ष्मीबाईंनी स्वतःचं उत्तर स्वतः लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला ते कळलं. सगळ्यांना ती संधी मिळत नाही.

भाग आवडला तर मित्रमैत्रिणींना पाठवा, आणि 'स्मृतिचित्रे' अजून वाचली नसेल तर या सुट्टीत नक्की वाचा. पुढच्या भागात भेटूच!