रातपाळीनंतरची झोप : गांधीबागेपुरते एक विवेचन

1. प्रश्न

जमशेटजी टाटांनी 1877 साली सुरू केलेली नागपूरची एम्प्रेस मिल बंद पडली, पण शहरातली रातपाळी संपली नाही. गांधीबागेच्या परिसरात ती आज मेयो रुग्णालयातल्या परिचारिका, रेल्वे कर्मचारी, मालट्रकचे चालक आणि पहारेकरी करतात. सकाळी अंथरुणाला पाठ टेकली तरी यांतल्या अनेकांना दुपारी बारालाच जाग येते. ‘होईल सवय’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. परंतु वर्षानुवर्षे रातपाळी करणाऱ्यांतही बहुतेकांचे शरीर पूर्णपणे उलटे वळत नाही. म्हणून सवयीची वाट पाहण्यापेक्षा झोपेची परिस्थिती बदलणे शहाणपणाचे.

2. कारणमीमांसा

अलेक्झांडर बोर्बेली यांनी 1982 साली झोपेमागच्या दोन प्रक्रिया मांडल्या. पहिली झोपेची ओढ : जितके जागावे तितके मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठते आणि डोळे जड होतात. दुसरी शरीराचे घड्याळ : पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत कमी असते, तिथून ते चढू लागते आणि शरीर जागेपणाकडे झुकते.

सकाळी आठला झोपणाऱ्यात ओढ भरपूर असते, म्हणून झोप पटकन लागते. पहिल्या तीन-चार तासांच्या गाढ झोपेत ती बरीच ओसरते आणि मग घड्याळ वरचढ ठरते. बाराला येणारी जाग ही या दोहोंची वजाबाकी आहे. तिचा मनोबलाशी संबंध नाही.

घड्याळ उजेडावर लागते. मे महिन्यात नागपुरात साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो, त्यामुळे सहाला सुटणारा माणूस लख्ख उन्हातून घरी येतो. डिसेंबरात तीच वाट अंधुक असते. उन्हाळ्यात गडद चष्मा घालावा तो यासाठी. मात्र डोळ्यांवर झापड असेल तर दुचाकीला हातच लावू नये.

3. स्थानिक अडचण

झोपण्यासाठी शरीराला आतली उष्णता बाहेर टाकावी लागते. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की वरच्या मजल्यावरच्या खोलीत हे कूलरशिवाय साधत नाही. आणि इथेच पेच पडतो. कूलर ओल्या ताट्यांतून हवा आत ढकलतो. ती बाहेर पडायला समोर वाट नसेल तर खोली दमट होते आणि घाम वाळत नाही. झोपेला मात्र अंधार हवा, म्हणजे दारे-खिडक्या बंद हव्यात. यावर तोडगा असा : हवेची वाट रस्त्याकडे न ठेवता जिन्याकडे किंवा आतल्या खोलीकडे ठेवावी, त्या दाराला जाड काळा पडदा लावावा आणि तो जमिनीपासून वीतभर वर ठेवावा. कूलरच्या एकसुरी आवाजात हातगाड्यांचा आणि हॉर्नचा गोंगाटही बुजतो.

पावसाळ्यात हवाच दमट असल्याने कूलर निरुपयोगी ठरतो. तेव्हा पंखा, अंधार आणि कानात बोळे.

4. दिनक्रम

(क) घरी आल्यावर हलके खाऊन लगेच झोपावे. बाजार भरण्याआधीचे, ऊन तापण्याआधीचे तास सर्वांत मोलाचे. बँकेची कामे, भाजी, मुलांचा डबा यांत ते घालवू नयेत.

(ख) चार तासांची ही मुख्य झोप रोज ठरलेल्या वेळी घ्यावी. उरलेली दीड-दोन तासांची झोप संध्याकाळी, कामावर निघण्याआधी घ्यावी. दोन हप्त्यांत झोपणे कमीपणाचे नाही.

(ग) चहा-कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा अंश सुमारे पाच तासांनीही शरीरात असतो. म्हणून शेवटचा चहा रात्री दोनच्या आत.

(घ) झोप येण्यासाठी दारूचा आधार घेऊ नये. तिने डोळा लागतो, पण झोप मध्येच तुटते.

5. जबाबदारी

1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 57 ने मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीची सुटी पाळी संपल्यापासूनचे सलग 24 तास अशी मोजली. त्यातले पहिले सात-आठ तास थकवा काढण्यातच जातात. पाळ्या लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे आणि पाळी सकाळ, दुपार, रात्र अशी पुढे सरकवावी. माणसाचे घड्याळ सरासरी 24 तासांहून किंचित लांब असल्याने पुढे सरकणे त्याला सोपे जाते.

घराची जबाबदारीही तितकीच. रात्री दोनला झोपलेल्या माणसाला आपण ‘जरा सिलिंडर घे’ म्हणून उठवत नाही. सकाळी दहाला झोपलेल्याला सर्रास उठवतो. परिचारिकेच्या वाट्याला तर रात्रभर वॉर्ड आणि सकाळी स्वयंपाक येतो. तिची सकाळची झोप म्हणजे तिची रात्र आहे, एवढे घराने मान्य केले तरच पडदा, कूलर आणि वेळापत्रक यांचा उपयोग.